गुलाबी बोंडअळी: फवारणी आपापल्या शेतात, निर्णय अख्ख्या शिवाराचा

जूनमध्ये लावलेली कपाशी आता पात्यावर, म्हणजे फुलांच्या कळ्यांवर, येते आहे. लागवडीला ४५ दिवस झालेल्या प्रत्येक शेतात या आठवड्यात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) उभे राहिले पाहिजेत. हा सल्ला वाचताना शेजारच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) माणसाला सोबत घेऊन बसा. एकट्याने करून भागेल असे यात फार थोडे आहे.

गुलाबी बोंडअळीची मादी पतंग पाते, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच आत शिरते. शिरलेले भोक बुजून जाते, बोंड वरून धडधाकट दिसते, आणि आतल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणजे औषधाला तिला गाठायला मिळतो तो वेळ फारच थोडा. साधारण महिनाभरात पुढची पिढी तयार होते आणि ती धुरा ओलांडून कोणाच्याही शेतात जाते. तुम्ही आज फवारले, शेजाऱ्याने बारा दिवसांनी आणि तिसऱ्याने फवारलेच नाही, तर शिवारातला पतंगांचा पुरवठा हंगामभर चालूच राहतो. खर्च तिघांचाही वाया जातो.

बियाणे बीटी (बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेले) आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस संपले आहेत. देशात बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्याला आणि नंतर दुसऱ्यालाही दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातही हीच अळी होती. तिथे २००६ पासून राज्यभरातल्या कापूस उत्पादकांनी एकत्र मोहीम चालवली: बीटी वाण, विमानातून सोडलेले निर्बीज (वांझ) पतंग, कामगंधाचा वापर आणि हंगाम संपताच पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) नायनाट. २०१८ मध्ये अमेरिकेचा कापूस पट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. निर्बीज पतंग आपल्या हातात नाहीत. पण सगळ्यांनी एकाच वेळी एकच काम करणे, हे मोहिमेचे मूळ आपल्या हातात आहे.

आधी नकाशा, मग सापळे

शिवारातल्या कापूसवाल्यांचा एक गट करा आणि पहिल्या बैठकीत एका मोठ्या कागदावर शिवार काढा. कोणाची लागवड कधीची, हे प्रत्येक तुकड्यावर लिहा. मे महिन्यात लावलेली ओलिताची शेते वेगळ्या रंगाने दाखवा. पहिल्या पावसानंतर सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना सर्वांत आधी पाते मिळते ते याच शेतांत, आणि तिथूनच कीड पसरते. जिनिंग मिलच्या जवळची शेते, गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि घरात साठवलेला कापूस या खुणाही टाका. माझ्या मते सगळ्या बैठकीत हा कागद सर्वांत मोलाचा, कारण कोणाला दोष न देता धोका कुठे आहे हे सगळ्यांना दिसते.

टेहळणीसाठी एकरी २ सापळे पुरेत. पतंग पकडून संख्या कमी करायची असेल, तर एकरी ८ ते १०. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. सापळ्यातली वासाची वडी पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला, आणि सगळ्या गटाने एकाच दिवशी बदला. अर्ध्या शिवारात ताजी आणि अर्ध्यात विटलेली वडी असेल, तर आकड्यांची तुलनाच होत नाही. हिरव्या बोंडअळीची वडी हाताळलेल्या हाताने गुलाबीची वडी लावू नका.

मोजणी मात्र सगळ्यांनी करण्याची गरज नाही. नकाशावरून धोक्याची आणि साधारण, अशी दोन्ही प्रकारची ८-१० शेते निवडा. प्रत्येकाला एक माणूस नेमा आणि तो बाहेरगावी गेला तर बदली कोण, हेही आताच ठरवा. रोज सकाळी पतंग मोजायचे, सापळा रिकामा करायचा आणि आकडा गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा. शून्य असेल तर शून्य लिहायचे. न आलेला आकडा आणि शून्य यांत फरक आहे. त्या गटात गावच्या कृषी सहायकाला घ्या. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना चालते, तिच्या निरीक्षणांशी तुमचे आकडे ताडून पाहता येतील.

आठवड्यातून एकदा डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुले) मोजून तोडा आणि अळीसकट नष्ट करा. बोंडे धरली की शेतात फिरून २० झाडांची २० हिरवी बोंडे फोडून पाहा. हे काम सोडून नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. मिलनात अडथळा आणणारे कामगंध तंत्र वापरले असेल तर सापळ्यात पतंग येणारच नाहीत, आणि तरी बोंडात अळी असू शकते. हे तंत्र सलग मोठ्या क्षेत्रावरच लावा. सुट्या दोन एकरांत बाहेरून मिलन होऊन आलेल्या माद्या अंडी घालतातच.

फवारायचे कधी

सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग, किंवा १० टक्के डोमकळ्या, किंवा २० पैकी २ बोंडांत अळी. यांपैकी एक गोष्ट घडली की गटाने त्याच दिवशी बोलायचे आणि पुढच्या तीन-चार दिवसांत त्या पट्ट्यातली सगळी शेते उरकायची. त्याआधी भीतीपोटी फवारू नका. पिकात ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकांची कार्डे) लावली असतील तर शेजारच्या शेतातून उडून आलेले औषधही त्या मित्रकीटकांना मारते, म्हणून कार्डांच्या तारखाही गटात कळवा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क चांगला.

रासायनिक औषधाचा गट, म्हणजे त्यातल्या रसायनाचा प्रकार, सर्वांनी एकच ठरवावा आणि पुढच्या वेळी तो बदलावा. डब्यावरचे कंपनीचे नाव वेगळे म्हणजे गट वेगळा असे समजू नका. प्रोफेनोफॉस आणि क्विनॉलफॉस ही नावे दोन, गट एकच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड इतक्यात नको, पांढरी माशी उसळते. मात्रा लेबलप्रमाणे, आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण अजिबात नाही. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विसरता येत नाही. फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे द्या. वाऱ्याविरुद्ध फवारू नका. आणि कोणत्या पट्ट्यात कधी फवारणी आहे ते आदल्या संध्याकाळी कळवा, म्हणजे निंदणाच्या बाया त्या बाजूला जाणार नाहीत.

काही जण येणार नाहीत. कोणी शहरात राहतो, कोणाचे शेत मक्त्याने दिलेले असते. मालकाशी वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष कसणाऱ्याला गाठा. पैशांची अडचण असेल तर गटाने त्याच्या शेतातही सापळे लावून द्यावेत. ते दोन सापळे त्याच्यापेक्षा तुमच्या उपयोगाचे आहेत.

शेवटची बैठक आताच नोंदवून ठेवा: डिसेंबरचा शेवटचा आठवडा. भाव बरा असला की फरदड (हंगामानंतरही शेतात ठेवलेली कपाशी) ठेवण्याचा मोह होतो, आणि एका शेतातली फरदड अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते. पऱ्हाट्यांचा भुगा करणारे यंत्र गटाने मिळून आधीच ठरवा, कारण जानेवारीत सगळ्यांना ते एकदमच लागते. जनावरे-मेंढ्या चारून, शेत मोकळे करून खोल नांगरट करा. कापूस घरात राहिलाच तर त्या खोलीतही एक सापळा टांगा, आणि जिनिंग मिलवाल्याला आवारात सापळे लावायला गटाने एकत्र जाऊन सांगा.