इटलीत खायला-प्यायला जाताय? घाई नको
म्हापसा-फोंड्याची गँग जमली की सगळ्यांना रोम, व्हेनिस, मिलान एकाच आठवड्यात हवं असतं, तसलं काही करू नका. एकच भाग धरा, मी तर वायव्येकडचा पिएमोंतेच म्हणेन, आणि शेतातल्या घरगुती मुक्कामी राहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या आल्बा गावात पांढरे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी), गरम बटरवाल्या ताजारिन पास्त्यावर समोरच पातळ काप पाडतात, काय तो वास! सोबत बारोलो, नेब्बिओलो द्राक्षाची वाईन, सावकाश प्यायची. दुपारी अडीचच्या आसपास बरीच किचनं बंद, सुशेगाद काय फक्त आपणच नाही. बिलात कोपेर्तो दिसला तर भांडू नका, तो माणशी चार्ज असतो. ड्रायव्हरला मात्र वाईन नाही, आणि झेडटीएलचा, म्हणजे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा, बोर्ड दिसला की गाडी बाहेरच लावा, कॅमेरे असतात, दंड नंतर येतो.