नवी रेस कार ट्रेलरवर चढवण्याआधी

रेस कार घेतली की सगळं लक्ष इंजिन आणि टायरकडे जातं, पण ट्रॅकवर पोहोचायचं ट्रेलरच्या जिवावर. त्यामुळे आधी ट्रेलर बघा. अधूनमधूनच वापरात येणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने कडक होऊन फुटतात. वरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका, बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडल्यात का ते पाहा.

कार ट्रेलरवर कुठे उभी करता, यावर बरंच अवलंबून असतं. वजन मागे गेलं तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. कार आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार हुकवर यायला हवा, मात्र ओढणाऱ्या गाडीची मर्यादा सांभाळून. योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा.

बांधायला चार रॅचेट पट्टे (दांडा मागेपुढे करून घट्ट होणारे), शक्यतो चाकांवरून. बॉडीवरून बांधले तर सस्पेन्शन दबतं आणि पट्टे सैल पडतात. निघाल्यावर 20-30 किलोमीटरवर थांबून पट्टे आणि ट्रेलरच्या चाकांचे नट तपासाच. कंटाळा येतो, तरीही.

सोबत टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा), हवा मोजायचा गेज, बुटका जॅक, स्टँड आणि अग्निशामक हवाच. ट्रेलरचं स्टेपनी लोक हमखास विसरतात. हेल्मेट मोटरसायकलचं चालवून घेऊ नका. कार रेसिंगच्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं.

चकचकीत टूल ट्रॉली नंतर घेतली तरी चालेल.