'नेव्हरविंटर नाइट्स'मध्ये २० टक्के अनुभव वाचवा

पंचवटी, सिडको, नाशिकरोड अशा वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार मित्र रात्री ऑनलाइन जमले, की प्रत्येकाला तलवारही हवी असते आणि कुलूप उघडायचं कसबही. २००२च्या या कॉम्प्युटर गेममध्ये एकाच पात्रात दोन-तीन क्लास (म्हणजे पेशे) मिसळता येतात, पण त्यांच्या लेव्हलचा तोल गेला की अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) कापला जातो.

नियम असा: पात्राच्या वंशाचा (एल्फ, मानव वगैरे) आवडता क्लास आणि प्रेस्टिज क्लास (अटी पूर्ण केल्यावरच मिळणारे खास क्लास) सोडून द्या. उरलेल्यांत सर्वांत वरच्या क्लासपेक्षा दोन किंवा अधिक लेव्हल मागे असलेल्या प्रत्येक क्लासमागे २० टक्के दंड.

एल्फचा आवडता क्लास विझार्ड (जादूगार). म्हणून एल्फ फायटर (लढवय्या) लेव्हल ५, रोग (चोर) लेव्हल ३ असेल तर १००० अनुभवाऐवजी ८०० मिळतात. रोग ४ केला की दंड थांबतो. गेलेलं मात्र परत येत नाही. तेच हाफलिंगला दंड नाही, कारण त्याचा आवडता रोगच आहे. मानव आणि हाफ-एल्फ यांना सर्वांत वरचा क्लास माफ असतो, त्यामुळे दोन क्लासपर्यंत ते निर्धास्त. फसगत तिसऱ्यात होते: मानव फायटर ६, रोग ४, क्लेरिक (पुजारी) १ इथे २० टक्के गेलेच. क्लेरिक ३ पर्यंत आणा.

दंड टाळायला विझार्ड-क्लेरिक समान वाढवू मात्र नका. ५-५ वर जेमतेम तिसऱ्या पातळीचे मंत्र हाती येतात, शुद्ध विझार्ड १० कडे पाचव्या पातळीचे असतात.