न तुटलेल्या झाडांचा हिशेब: जंगल-कार्बन प्रकल्पांत या चुका टाळा

उष्ण कटिबंधातलं एखादं जंगल तुटणार होतं, प्रकल्पामुळे ते वाचलं, म्हणून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही तेवढी क्रेडिटं विकायची. 'रेड प्लस' प्रकल्पांचा गाभा एवढाच. पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी २००५ साली ही कल्पना हवामान परिषदेत मांडली. एक क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला एक टन कार्बन डायऑक्साइड; आपल्या धुराची भरपाई दाखवायला कंपन्या ती विकत घेतात. लाकूड विकताना निदान ओंडका समोर पडलेला असतो. इथे विकायचं ते घडलंच नाही असं काहीतरी, त्यामुळे हिशेब चुकला तरी पुष्कळ वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही अशा प्रकल्पावर काम करत असाल, कंपनीसाठी क्रेडिटं घेत असाल किंवा गावासमोर करार आला असेल, तर पुढच्या गोष्टी सहीच्या आधी तपासा.

फुगलेली बेसलाइन

प्रकल्प नसता तर किती जंगल गेलं असतं, या अंदाजाला बेसलाइन म्हणतात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते आणि ती सहसा बेरीज-वजाबाकीची नसते. तुलनेसाठी कोणता भाग निवडला, तिथे ती असते. रस्त्यालगतचा, सपाट, बाजारपेठेला जवळ असलेला पट्टा तुलनेला घेतला आणि तिथला तोडीचा दर आतल्या दुर्गम जंगलाला लावला, की कागदावर वाचलेलं जंगल भराभर वाढत जातं.

झिम्बाब्वेतला करिबा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. करिबा जलाशयाच्या दक्षिणेला सुमारे ७.८५ लाख हेक्टर एवढा त्याचा पसारा. जेवढी तोड होईल असा अंदाज होता, त्यापेक्षा प्रत्यक्षातली तोड बरीच कमी निघाली. म्हणजे क्रेडिटं जास्त वाटली गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती विकणारी साउथ पोल ही कंपनी प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षी सहा देशांतल्या २६ प्रकल्पांचा अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात आला. बहुतेक प्रकल्पांत तोड लक्षणीय घटल्याचं त्यात दिसलं नाही, आणि जिथे घटली तिथेही दाव्यापेक्षा खूप कमी. क्रेडिटं प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेने अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनेच नवी पद्धत आणली, आणि तीत प्रकल्पवाल्याला स्वतःची बेसलाइन स्वतः ठरवता येत नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं. ज्याला क्रेडिटं विकायची आहेत त्यालाच अंदाज बांधायला सांगणं, ही मुळातलीच खोट होती.

ही चूक शोधायला मोठी यंत्रणा लागत नाही. प्रकल्प अहवालातला वर्षावर्षाचा अंदाज समोर ठेवा. शेजारचं, तशाच उताराचं, रस्त्यापासून तेवढ्याच अंतरावरचं पण प्रकल्पाबाहेरचं जंगल निवडा आणि 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' या उपग्रह-नकाशांच्या संकेतस्थळावर २००१ पासूनची फुकट मिळणारी आकडेवारी पाहा. अंदाज शेजारच्या जंगलापेक्षा कितीतरी पुढे धावत असेल, तर बेसलाइन पुन्हा मांडायला सांगा. मात्र त्या नकाशात दिसतं ते वृक्षाच्छादन. रबर किंवा पाम तेलाची लागवडही उपग्रहाला हिरवीच दिसते, आपल्या सिंधुदुर्गातली रबराची लागवडसुद्धा. जुनी लागवड कापली की नकाशावर तोड उमटते आणि जंगल काढून लागवड केली की काही वर्षांत जागा पुन्हा हिरवी होते. म्हणून त्या जागी जाऊन पाहणं चुकवू नका.

तोड थांबली की सरकली?

कुंपण घातल्याने चुलीची गरज संपत नाही. बाई सरपणाला पलीकडच्या टेकडीवर जाते आणि प्रकल्पाच्या वहीत जंगल 'वाचलेलं' असतं. केनियातल्या गाझी खाडीवरच्या मिकोको पामोजा प्रकल्पाने हे आधीच ओळखलं. खारफुटी फक्त ११७ हेक्टर, पण सरपणासाठी त्यांनी वेगळी सुरूची झाडं लावली. कोकण किनाऱ्यावर असते तीच सुरू. क्रेडिटांचा पैसा कुठे जाणार हे गाव ठरवतं. पाण्याची सोय आणि शाळा यांवर तो खर्च झाला. प्रकल्प लहान आहे, पण मला तो मोठमोठ्या अहवालांपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. लाकूड कुठून येणार, याचं उत्तर अहवालात नसेल तर तोड सरकते आहे असं धरून चाला.

मोजणीतल्या चुका

या लवकर सापडतात. सुक्या लाकडाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो, आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करताना ३.६७ ने गुणावं लागतं. हा गुणाकार विसरला जातो, नाहीतर दोनदा होतो. आकडा साडेतीन-पावणेचार पटींनी विचित्र वाटला तर आधी इथे बघा. दुसरं, नुसत्या घेरावरून वजन काढू नका. छातीच्या उंचीवर सारखाच घेर असलेले साग आणि सावर शेजारी उभे असले, तरी सावरीचं लाकूड जवळपास निम्म्या वजनाचं भरतं.

करारातली माणसं

ब्राझीलमधल्या पाइटेर सुरुई या आदिवासी समाजाने आपले प्रमुख आल्मीर सुरुई यांच्या पुढाकाराने स्वतःचा प्रकल्प उभारला. २०१३ मध्ये नातुरा या सौंदर्यप्रसाधन कंपनीने त्यांच्याकडून १ लाख २० हजार टनांची क्रेडिटं घेतली. सुरुवातीला तोड घटलीही. पुढे सोन्या-हिऱ्यांचं बेकायदा खाणकाम आणि लाकूडतोड वाढली, समाजात दोन तट पडले, आणि २०१८ मध्ये प्रकल्प थांबला. जमीन त्यांची, नेतृत्व त्यांचं, तरीही.

अशा वेळेसाठी काही क्रेडिटं न विकता बाजूला ठेवतात, त्याला बफर म्हणतात. बफर आहे म्हणून निर्धास्त राहणं हीच चूक आहे. त्याने खरेदीदाराचा हिशेब सांभाळला जातो, सुरुईंचं जंगल परत उभं राहत नाही. पहिला हप्ता घरात कधी येणार, लाकडावर पोट असलेल्या कुटुंबाचं तोवर काय, आणि बाहेरचे लोक यंत्रं घेऊन आत शिरले तर सरकार येणार का, हे प्रकल्प आराखड्यातच लिहिलेलं हवं.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती दिलं; गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो हक्क मिळवला. असा हक्क असलेल्या गावाकडे कार्बनचा करार आला, तर एकट्या सरपंचाची किंवा समितीच्या दोघा-तिघांची सही पुरेशी मानू नका. तीस-चाळीस वर्षांच्या करारात आज पाळण्यात असलेलं मूलही बांधलं जातं. करार ग्रामसभेत गोंडीत, माडियात, मराठीत मोठ्याने वाचला जावा. क्रेडिट कितीला विकलं आणि त्यातले किती रुपये गावाला आले, हे दर वर्षी सांगण्याचं कलम त्यात असावं. मोहफूल, तेंदू, सरपण, गुरांची चराई यांवर कुठे बंदी येते का, ते ओळ न ओळ बघा. आणि गावाला करारातून बाहेर पडायचं झालं तर दंड किती, हा आकडा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असेल, तर तो आधी वाचायला सांगा.