उस्तादांच्या दंतकथा: क्रियापद धरून खरं-खोटं कसं करावं

नागपंचमीची दंगल जवळ आली की आखाड्याची स्मरणिका निघते आणि ‘थोर मल्ल’ हे पान भरायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरचा मजकूर तसाच्या तसा छापखान्यात जातो. गामा पहिलवानानं १२०० किलोचा दगड छातीपर्यंत उचलला, बोधिधर्म या बौद्ध भिक्षूनं चिन्यांना कुंग फू शिकवलं, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब शोधून काढला. छापण्याआधी तपासायचं असेल तर एका नावामागे दोन संध्याकाळी पुरतात.

आधी गोष्ट सुटी करा. एका ओळीत एकच दावा: कोण, कधी, कुठं, कुणासमोर, काय केलं. ‘काय केलं’खाली रेघ मारा. ज्या ओळीत वर्षही नाही आणि गावही नाही, ती वेगळ्या कागदावर काढा. ती सहसा तिथंच राहते.

मग आकडे. हे सोपं आहे. गामा रोज ५००० बैठका आणि ३००० दंड मारायचा असं सांगतात. दोन सेकंदाला एक धरला तर १६,००० सेकंद, म्हणजे साडेचार तासांच्या आत. संस्थानाच्या खुराकावर राहणाऱ्या पूर्णवेळ मल्लानं सकाळ-संध्याकाळ वाटून घेतले तर अशक्य नाही. शक्य आहे म्हणून रोज घडलंच असंही नाही. वीस किलोच्या तलवारीची गोष्ट मात्र नागपूरच्या अजब बंगल्यातली, म्हणजे संग्रहालयातली शस्त्रं एकदा डोळे उघडे ठेवून पाहिली की संपते. हातात धरून लढायची तलवार साधारण किलोभराची असते.

खरी अडचण इथून पुढं. लोक आकड्यावर संशय घेतात आणि क्रियापद निमूट गिळतात. फुगवटा जवळजवळ नेहमी क्रियापदात असतो.

बडोद्याचा दगडच घ्या. १९०२ साली गामानं उचलला म्हणून दाखवतात तो. उंची अडीच फूट सांगतात. चारही बाजूंनी सारखा धरला तर बाजू ७६ सेंटिमीटर, घनफळ ०.४४ घनमीटर. दगडाच्या घनमीटरला साधारण २७०० किलो, म्हणजे वजन बाराशेच्या आसपास येतं. आकडा जुळला! इथंच माणसं फसतात. वजन खरं निघालं, मग गोष्टही खरी, असं धरून चालतात. आता ‘उचलला’कडे बघा. जमिनीवरून दोन्ही हातांनी उचलायचं म्हणाल तर २०२० साली ५०१ किलोचा डेडलिफ्ट जगात सगळ्यांत मोठा ठरला आणि त्यानंतरचे विक्रमही त्याच्याच आसपासचे आहेत. पाठीवर फळी घेऊन, पाय ताठ करत भार जेमतेम जमिनीपासून सोडवायचा, त्यालाही ‘उचलणं’च म्हणतात, त्या प्रकारात १९९३ साली कॅनडाच्या ग्रेग अर्न्स्टनं २४०० किलोच्या वर भार पेलला. आणि दगडाची एक कड उचलून तो कलता करायचा असेल तर सुरुवातीला निम्मा भार, म्हणजे ६०० किलो पुरतो. एकच शब्द, तीन वेगळी कामं. छातीपर्यंत घेऊन चालत जाणं या तिन्हींत बसत नाही, म्हणून ते खोडा. नुसत्या हातांनी उचलणंही ५०१ किलोच्या आकड्यानं बाद होतं. पाठीवर पेलला की कलता केला, यांपैकी काय झालं ते दगड सांगत नाही. तिथं ‘उचलला’ न लिहिता ‘उचलल्याचं सांगतात’ असं लिहा. पाटी किंवा कोरीव मजकूर पुरावा म्हणून पुढं आला, तर तो कोणत्या साली लावला हे आधी विचारा.

‘हरवलं’ हे दुसरं लबाड क्रियापद. गामानं लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोला लोळवलं असं सर्रास छापतात. १० सप्टेंबर १९१० ची ती कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली, त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को मॅटला चिकटून राहिला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यातल्या फेरलढतीला तो आलाच नाही, म्हणून विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. चीतपट झाली ती १९२८ च्या जानेवारीत, पतियाळाला, मिनिटाच्या आत. नेमके सेकंद प्रत्येक ठिकाणी वेगळे सापडतात. ‘मिनिटाच्या आत’वर थांबा. ‘अजिंक्य’ म्हणजे कधी न हरलेला, सगळ्या कुस्त्या जिंकलेला नव्हे. रहीमबक्ष सुलतानीवालाबरोबरच्या बरोबऱ्या त्यात येतातच.

‘शोधला’ आणि ‘पहिला’ हे त्यांचेच भाऊबंद. मल्लस्तंभाचा, म्हणजे मल्लखांबाच्या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे, म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादांना ‘पुनरुज्जीवन केलं’ हे क्रियापद लागतं. वणीच्या गडावर मारुतीनं दर्शन देऊन डाव शिकवल्याची कथा श्रद्धेच्या रकान्यात ठेवा. ती खोटी ठरवायचा उद्योग करू नका, त्यातून काही निघत नाही. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ‘स्वतंत्र’ आणि ‘वैयक्तिक’ यांपैकी एकही शब्द गाळला की वाक्य चुकतं. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, हे खरं. पण त्या ऑलिम्पिकचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग होते. म्हणून ‘दाखवली’ लिहा, ‘ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला’ लिहू नका.

क्रियापद पकडलं की ते कुठून आलं ते शोधा. ‘तीन-चार वेबसाइटी ताडून पाहा’ हा सल्ला ऐकू नका. त्या एकमेकींची नक्कल असतात. दहा ठिकाणी तेच वाक्य, तीच चूक, तोच स्वल्पविराम. सगळ्यांत जुनी लेखी नोंद आणि घटना यांत किती वर्षं गेली, तेवढं मोजा. अफजलखानाचा वध १६५९ चा, सभासदाची बखर १६९७ ची. मध्ये अडतीस वर्षं, पण लिहिणारा त्याच दरबारातला. त्या प्रसंगातल्या जिवा महाल्याच्या पट्ट्याबद्दल (इथं पट्टा म्हणजे शस्त्र) बोलताना एवढा आधार चालतो. बोधिधर्माचं तसं नाही. ५४७ च्या नोंदीत तो पर्शियन आहे, दुसऱ्या एका जुन्या नोंदीत दक्षिण भारतीय. शाओलिनचा ७२८ चा शिलालेख भिक्षूंनी ६२१ च्या लढाईत ली शिमिनला (पुढं तांग सम्राट झालेला) मदत केल्याचं सांगतो, बोधिधर्मानं युद्धकला शिकवल्याचं नाही. बोधिधर्माच्या नावावर खपणारा ‘यीजिन जिंग’ हा व्यायामाचा ग्रंथ १६२४ च्या सुमारास येतो. आत सातव्या आणि बाराव्या शतकांतल्या सेनापतींच्या नावानं घुसडलेल्या प्रस्तावना. जुनी तारीख मिरवणारी प्रस्तावना दिसली की आधी तिच्यावरच संशय घ्या.

विसाव्या शतकातल्या कुस्त्यांसाठी वर्तमानपत्रं. नागपूरचा इंग्रजी ‘हितवाद’ १९११ पासूनचा आहे, म्हणून १९१० च्या लंडनसाठी तो उपयोगाचा नाही. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट हे जुन्या वर्तमानपत्रांचे इंटरनेटवरचे फुकट संग्रह उघडा. लंडनच्या तारा तिथं छापल्या जायच्या. नुसतं ‘गामा’ टाकलंत तर वास्को द गामा भरभरून येईल. प्रतिस्पर्ध्याचं आडनाव टाका, इंग्रजी स्पेलिंगची दोन-तीन रूपं करून पाहा आणि तारखा ऑगस्ट ते ऑक्टोबर १९१० एवढ्याच ठेवा. कुस्तीच्या आधीची बातमी सोडून द्या. ती आयोजकाची जाहिरात असते, तिकिटं खपवायला. दुसऱ्या दिवशीचा निकाल वाचा.

आखाड्यातल्या जुन्या उस्तादांकडे जरूर जा. ‘हे खरं का हो, उस्ताद?’ असं विचारलंत तर होच म्हणतील. ‘तुम्ही कुणाकडून ऐकलं?’ विचारा आणि नाव लिहून घ्या. दोन माणसं एकाच गुरूचं नाव घेत असतील तर तो एकच साक्षीदार.

छापताना तीनच शब्द वापरा: ‘नोंद आहे’, ‘सांगतात’, ‘चुकीचं’. ‘असं मानलं जातं’ वगैरे नको. कोण मानतं ते कळत नाही. गामासाठी पानावर एवढं बसतं: ‘१९१० साली लंडनला झिबिस्कोशी बरोबरी, फेरलढतीला तो न आल्यानं जॉन बुल पट्टा, १९२८ साली पतियाळाला त्याच्यावर विजय, अशी नोंद आहे. बडोद्यातला सुमारे १२०० किलोचा दगड १९०२ साली उचलल्याचं सांगतात.’