फेतिये फिरायचंय? मग सकाळ दगडांची, दुपार समुद्राची

फेतिये म्हटलं की सगळे जवळच्या ओल्युदेनिझ बीचच्या निळ्या पाण्याचा तोच एक फोटो दाखवतात आणि बरेच जण खरंच तीन दिवस तिथेच वाळूत पडून परत येतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुर्कस्तानच्या या किनाऱ्यावर तासाभराच्या अंतरात इतकं काही आहे की चार दिवस पण कमी पडतात.

मुक्काम फेतिये गावातच करा. दालामान एअरपोर्टवरून बसने साधारण तासभर लागतो, आणि इथून सगळीकडे दोलमुश मिळते. दोलमुश म्हणजे मिनीबस, शब्दाचा अर्थच 'भरलेली'. वाटेत हात केला तरी थांबते, सुट्टे लिरा जवळ ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन सहन होत नाही, जून सुरुवात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. आणि रोजचा एकच नियम, चढण आणि अवशेष सकाळी, पाणी दुपारी.

पहिल्या दिवशी गावातच अमिंतासचं थडगं बघा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, अख्ख्या कड्यात कोरलेलं. नुसतं खालून फोटो काढून परत फिरू नका, पायऱ्या चढून दाराजवळ जा, लाकडी दरवाजाची हुबेहूब नक्कल आहे, त्यातले खिळेसुद्धा दगडातच कोरलेत.

दुसरा दिवस पूर्ण कायाकोयला द्या. मला विचाराल तर इथली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. आधी याचं नाव लेविसी, ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचं गाव. 1923 मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकांची अदलाबदल ठरली आणि इथल्या लोकांचं गाव कायमचं सुटलं, ग्रीसहून आलेले इथे फारसे रमले नाहीत, मग 1957 च्या भूकंपाने उरलंसुरलं पाडलं. आता डोंगरउतारावर शेकडो घरं बिनछपराची उभी आहेत. कुठल्याही एका घरात शिरा आणि दोन मिनिटं नुसतं उभं राहा. कोपऱ्यात चूल दिसते, भिंतीच्या गिलाव्याला कुठे कुठे अजून निळा रंग आहे, चर्चच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे. कोणाचा तरी रोजचा संसार होता हो इथे! मला तिथून पाय निघत नव्हता. भिंतींवर मात्र चढू नका, दगड सुटे झालेत.

आता खरी गंमत, कायाकोयहून ओल्युदेनिझला गाडीने जाऊच नका, चालत जा. पाइनच्या जंगलातून पायवाट आहे, दगडांवर रंगाच्या खुणा आहेत, दोन-अडीच तास लागतात आणि शेवटी उतरताना झाडांमधून एकदम खाली लगून दिसतं, म्हणजे वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून जवळजवळ वेगळं झालेलं शांत, उथळ पाणी. चप्पल नको, बूट घाला, पाणी भरपूर घ्या, वाटेत दुकान नाही. लगूनच्या भागाला तिकीट आहे, बाजूचा बेल्जेकिझ बीच फुकट, पण तिथे गोटे आहेत. डोक्यावर पॅराग्लायडर तरंगत असतात, ते 1,969 मीटर उंच बाबादागवरून उडतात. उडायचं नसेल तर नुसतं केबल कारने वर जाऊन या, तेही खूप छान.

बटरफ्लाय व्हॅली म्हणजे उंच कड्यांच्या मधला छोटा बीच, तिथे बोटीनेच जा, वरच्या फारल्या गावातून दोर धरून उतरायची वाट आहे पण तिथे जीव गेलेत, अजिबात धाडस करू नका.

तिसरा दिवस साक्लीकेंत, सुमारे 18 किलोमीटर लांबीची घळ. सुरुवातीलाच बर्फासारखं थंड पाणी ओलांडावं लागतं, पायाला अक्षरशः मुंग्या येतात, पण पाचेक मिनिटांत सवय होते. प्लॅस्टिकचे बूट भाड्याने मिळतात, घ्याच. पाऊस झाला असेल तर आत जाऊ नका. जाताना त्लोस या प्राचीन शहराचे अवशेष वाटेत लागतात. वेळ उरला तर चौथ्या दिवशी पातारा, तेवढाच 18 किलोमीटरचा बीच, कासवं अंडी घालतात म्हणून सीझनमध्ये संध्याकाळी बंद करतात, त्या हिशोबाने निघा.

संध्याकाळी गावात परत आलात की मासळी बाजारात जा. मधल्या स्टॉलवरून मासा स्वतः निवडून वजन करून घ्यायचा आणि भोवतालच्या कुठल्याही हॉटेलात द्यायचा, ते भाजून देतात आणि भाजणावळ वेगळी घेतात. ती किती हे बसायच्या आधीच विचारून घ्या.