उज्जैनची उडी, मालवणची डुबकी आणि आपला ‘नको’

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत, अंडररायटिंगमध्ये गेली. समोर आलेला प्रपोजल फॉर्म वाचायचा आणि ठरवायचं, या माणसाची जोखीम घ्यायची का, घ्यायची तर कोणत्या अटीवर. आता निवृत्त आहे. तरी आमच्या इंदूरच्या रामबागेतली पोरं येतातच विचारायला. “मावशी, उज्जैनला स्कायडायव्हिंग आलंय, जाऊ का?” नाहीतर “मालवणला स्कुबा बुक केलंय, भिण्यासारखं काही नाही ना?” मी दोन्ही केलंय म्हणून विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढते. उडी भयंकर आणि डुबकी सोपी, असं येणारा जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. नवख्या माणसाकडून किती काम अपेक्षित आहे असं बघितलं, तर गोष्ट उलटी आहे. टँडम उडीत तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या छातीला खांद्याशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार हुकांनी अडकवलेले असता. दारातून कधी निघायचं, पॅराशूट कधी उघडायचं, ते नीट उघडलं नाही तर सोडून देऊन रिझर्व्ह, म्हणजे दुसरं राखीव पॅराशूट, कधी काढायचं, हे सगळं तो ठरवतो. तुमचे निर्णय जमिनीवरच संपतात. स्कुबात पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचं असतं. इन्स्ट्रक्टर तो सिलिंडर धरून तुम्हाला हवं तिथे नेईल, पण तुमचे कान त्याला मोकळे करता येत नाहीत आणि तुमचा श्वासही त्याला घेता येत नाही. म्हणून उडीआधी पारखायची ती मुख्यतः समोरची मंडळी, आणि डुबकीआधी मुख्यतः स्वतःला.

आकड्यांचं थोडं. अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना, यूएसपीए, दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये तिथे साधारण ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. आकडा लहान आहे, पण तो तुमचा नाही. त्यात स्वतःच्या पॅराशूटवर उड्या मारणारी अनुभवी मंडळीही आहेत, आणि या खेळात बरेच मृत्यू पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना, जमिनीजवळ जोरात वळण घेताना होतात. तुम्ही टँडममध्ये ते वळण घेणारच नाही. सरासरी बघून प्रीमियम ठरतो, माणूस बघायला त्याचा फॉर्मच वाचावा लागतो.

तर आधी उडी. उज्जैनजवळ दताना हवाईपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटनाच्या महोत्सवात हिवाळ्यात टँडम उड्या होतात, साधारण १०,००० फुटांवरून. इंदूरहून तास-दीड तासाचा रस्ता. तिथे किंवा कुठेही गेलात, तर पैसे भरायच्या आधी हे विचारा: इन्स्ट्रक्टरचं टँडम रेटिंग, म्हणजे टँडमचं प्रमाणपत्र, कुठलं? (यूएसपीएच्या नियमात त्यासाठी किमान ५०० उड्या आणि या खेळातली ३ वर्षं लागतात.) रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कोणी आणि कधी पॅक केलं? एएडी, म्हणजे ठरावीक उंचीखालीही माणूस वेगाने पडत असेल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र, बसवलंय आणि आज चालू केलंय का? आणि माझा आवडता प्रश्न: वारा किती असला की तुम्ही उड्या बंद करता? एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यूएसपीएची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. टँडमची मर्यादा ज्याची त्याने ठरवलेली असते. उत्तरात आकडा आला तर ठीक. “मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका” असं आलं, तर महाकालाचं दर्शन घ्या, पोहे खा आणि इंदूरला परत या.

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास असते. इंदूरच्या सराफ्यात रात्री जे खाणं चालतं त्यानंतर हे सांगणं जिवावर येतं, पण काट्यावर चार किलो लपवू नका. जास्त वजन म्हणजे पॅराशूट जास्त वेगाने खाली येणार, आणि उतरताना त्याची किंमत पाय आणि कंबर देणार. पायांची चाचणी घरीच घ्या. खुर्चीत बसा, दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून जमिनीला समांतर उचला आणि दहापर्यंत मोजा. उतरताना नेमकं हेच करायचं असतं, ढेकळाला पाय आधी लागू नयेत म्हणून. जमलं नाही तर महिनाभर व्यायाम करून मग जा. गुडघ्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल, बीपीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर. इन्स्ट्रक्टर कितीही चांगला असो, तो डॉक्टर नाही.

आणखी एक. त्या दिवशी दुपारची गाडी पकडायची असेल तर उडी बुक करू नका. ढग आले, वारा वाढला, तर थांबता आलं पाहिजे. घाई असलेला माणूस आभाळाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो.

‘नको’ कुठपर्यंत म्हणता येतं? विमानात चढेपर्यंत बिनधास्त, कारण न सांगता. विमानात असताना मोठ्याने, शब्दांत, आणि तेही दार उघडायच्या आधी. दारात पाय बाहेर पडल्यावर मात्र चौकट धरून बसण्याइतकं वाईट काही नाही, कारण दोघांचंही शरीर वाकडं होतं. माझ्या मते दाराशी ‘बघू’ हा पर्यायच नसतो.

आता पाणी. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

१०,००० फुटांवरून खाली येताना कानांवर हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात पहिल्या ३ मीटरातच वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, वर भरून घेतलेली हवा निम्म्या जागेत बसते. म्हणजे सगळ्यात मोठा बदल तळाशी नसतो, तो पृष्ठभागालगत असतो, जिथे सगळ्यांना वाटतं की हे तर उथळच आहे. पहिल्याच मीटरपासून, दुखायच्या आधी, कान मोकळे करायला नाक चिमटीत धरून हलकं फुंकर मारल्यासारखं करायचं. कान दुखला तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. छाती भरून श्वास घेतला आणि तो धरून वर आलात, तर जेमतेम दीड मीटरवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. पोहता येणाऱ्यांना हे जास्त सांगावं लागतं, कारण पाण्यात श्वास रोखायची सवय त्यांच्याच अंगात मुरलेली असते.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारं औषध घेऊन खाली जायचा सल्ला नावेवर कोणीतरी देतोच. औषधाचा असर खाली असताना उतरला, की आत अडकलेली हवा वर येताना पसरते आणि तिला वाट मिळत नाही. मालवणला एकदा नाक चोंदलं म्हणून मी नावेवरच बसून राहिले. पैसे परत मिळाले नाहीत, घरच्यांनी दिवसभर चिडवलं. चालतं.

घरची दुसरी चाचणी: एक साधा स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, आणा. मोठं घमेलं पाण्याने भरा, मास्क न लावता चेहरा त्यात बुडवा आणि स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास घ्या. नाक पाण्यात आणि श्वास तोंडाने, एवढंच. मिनिटभर शांतपणे जमलं तर तुमचा मास्क खाली थोडा गळला तरी तुम्ही वेडेवाकडे हातपाय मारणार नाही. पहिल्याच घोटात डोकं वर काढलंत, तर बरं झालं, घमेल्यात कळलं. दोन आठवडे रोज करा. नेहरू पार्कच्या पोहण्याच्या तलावात जात असाल तर तिथे करा. लोक बघतात, बघू द्या.

मेडिकल फॉर्मवर दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुफ्फुस कोलॅप्स झाल्याचा इतिहास हे सगळं विचारतात. एकाला जरी ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते. लोक सर्रास ‘नाही’ची रांग टिक करत सुटतात. मी आयुष्यभर असे फॉर्म बघितले, एका दमात मारलेले टिक लांबून ओळखू येतात. फॉर्म किनाऱ्यावर हातात पडला की कोणी खरं लिहीत नाही, म्हणून तो आधी मागवून घ्या आणि घरी भरा.

खुणा दोनदा विचारून घ्या. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आपली मंडळी कॅमेऱ्यासमोर आनंदाने अंगठा दाखवतात. मग एक तर त्यांची डाइव्ह संपते, नाहीतर इन्स्ट्रक्टर त्या खुणेकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दुसरं जास्त वाईट.

कोर्स न करता पहिल्यांदा जाणाऱ्याला पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात १२ मीटरपर्यंतच नेतात. ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेल्याला १८, पुढचा ॲडव्हान्स्ड झालेल्याला ३०, हौशी डायव्हिंगची हद्द ४०. हे आकडे कमाल आहेत. ३० मीटरच्या आसपास श्वासाच्या हवेतल्या नायट्रोजनने डोकं हलकं व्हायला लागतं आणि नेमकी तेव्हाच ‘अजून थोडं खाली’ ही कल्पना छान वाटते. सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरलेला असतो, ५० उरले असताना वर यायचं, वाटेत ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून. पहिल्या खेपेला माझी एकच अट असते, एका पाहुण्याला एक इन्स्ट्रक्टर. नावेवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का हे विचारू नका, दाखवा म्हणा.

आता मूळ मुद्दा. आमच्या ऑफिसात पॉलिसी विकणारा एजंट आणि ती मंजूर करणारा अंडररायटर वेगवेगळ्या मजल्यांवर बसायचे, आणि ते योग्यच होतं. नावेवर आणि विमानात हे दोघं तुमच्या एकाच डोक्यात बसतात, आणि पैसे भरलेले असतात, मित्र तयार होऊन उभे असतात, तेव्हा एजंटच बोलतो. म्हणून अंडररायटरचं म्हणणं घरी, आदल्या आठवड्यात, कागदावर लिहून घ्या. माझ्या कागदावर असं आहे: सर्दी असेल तर नाही. रात्री झोप झाली नसेल तर नाही. आदल्या रात्री दारू घेणारा जोडीदार असेल तर त्याच्याबरोबर नाही. कान दोनदा अडला तर वर. ब्रीफिंग ऐकू आलं नसेल तर पुन्हा मागायचं, दिलं नाही तर नाही. कागद बरोबरच्या माणसाकडे द्या आणि सकाळी त्याला वाचून दाखवायला लावा. तुमच्या यादीत माझ्या ओळी नकोत. ज्याला बंद जागेची भीती आहे त्याची ओळ वेगळी, ज्याला नवऱ्यासमोर माघार घ्यायची लाज वाटते तिची वेगळी. ही दुसरी ओळ लिहायला जास्त धीर लागतो.

“शीतल महाजन नऊवारी नेसून उडी मारतात, मग मला काय झालं?” असं एका भाचीने विचारलं होतं. त्यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारीत उडी मारली, खरं आहे. पण त्यांची पहिली उडी २००४ ची, उत्तर ध्रुवावरची. मधल्या चौदा वर्षांत शेकडो उड्या झाल्या होत्या. हौस वाढली की लोक पहिल्यांदा कॅमेरा मागतात. हेल्मेटवर कॅमेरा लावायला किमान २०० उड्या व्हाव्यात, अशी यूएसपीएची शिफारस आहे, कारण कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं की उंचीकडे राहत नाही. पाण्यात तेच, फक्त तिथे विसर पडतो तो हवेच्या गेजचा.

एकाच सुट्टीत दोन्ही करायचं असेल तर उडी आधी, डुबकी नंतर. उलट कधीच नाही. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर विमानप्रवासाला किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास थांबावं, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. मी सरळ २४ धरते. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये निदान दाब राखलेला असतो, उडीच्या छोट्या विमानात तोही नसतो. गोव्यात सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळच्या फ्लाइटने इंदूर, असा बेत मला दर हिवाळ्यात कोणीतरी दाखवतं. मालवणहून गाडीने निघणाऱ्यांनीही वाटेतलं आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर आहे हे लक्षात ठेवावं, आणि त्या रात्रीचा मुक्काम समुद्राजवळच करावा.

राहिला विमा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत नववा कोड साहसी खेळांचा आहे. त्यात स्काय डायव्हिंग, स्कुबा डायव्हिंग नावानिशी आहेत, पण ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास. हौशी माणूस त्या शब्दांत येत नाही. अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या अटी मात्र वेगळ्या असतात, आणि तिथे हौशी माणसालाही वगळलेलं असू शकतं. एजंटला फोनवर विचारू नका, तो ‘हो’च म्हणेल. कंपनीला ई-मेल करा, खेळाचं नाव, ठिकाण आणि तारीख लिहा, आणि लेखी उत्तर आल्यावरच तिकीट काढा.